शेरा

फाटकापाशी टेबल, टेबलावर वही,
वहीला सुतळीनं बांधलेलं पेन.
नाव. गाव. माणसं किती. येण्याचं कारण.
वरच्या ओळींत सगळ्यांनी लिहिलंय ‘पर्यटन’,
एकानं ‘जंगल पाहणे’, एकानं नुसती रेघ.
मी लिहिलं : दिगंबर फेगडे, भुसावळ, तीन.
कारणापाशी अडलो.
‘लिहा ना भाऊजी,’ भावजय म्हणाली, ‘ऊन चढतंय.’

खिरोद्यापर्यंत केळीच केळी,
घडांना निळ्या पिशव्या, पाटाला पाणी.
मग रस्त्यानं एक वळण घेतलं
आणि सातपुड्यानं सगळा हिरवा काढून घेतला.
फेब्रुवारीतला साग, अंगावर चाळणी झालेली पानं,
कांडोळाचं पांढरं खोड, कपडे वाळत घालून
उघडाच उभा राहिलेला माणूस जसा.
अंजन मात्र तग धरून.

रुबाब तडवी पुढं चालतो, पायात कॅनव्हासचे बूट,
एकाची नाडी केळीच्या सोपटाची.
‘वाघ आहे?’ पुतण्या तिसऱ्यांदा विचारतो.
‘वाघाची जागा आहे,’ रुबाब म्हणतो,
‘वाघाला तेवढं कळवायचं राह्यलंय भो.’
ते दोघं हसतात, ते मला ओठांवरून कळतं.

एकतीस वर्षं लोको शेड.
डावा कान आधी गेला, उजवा हळूहळू निघालाय,
बदली झालेल्या माणसासारखा, सामान थोडं थोडं नेत.
मी दुर्बीण आणलीये, शेडमधल्या वर्गीसची,
तिच्या एका नळीत बुरशी.

अस्वलानं ओरबाडलेलं मोहाचं खोड पाहिलं.
वाळूत चौशिंग्याच्या खुरांचे ठसे,
सुकीच्या पात्रात एक डबकं, त्यावर पिवळी फुलपाखरं
आणि गुटख्याची तीन पाकिटं.
रुबाबनं ती उचलली, खिशात घातली,
आमच्याकडं पाहिलं नाही.
डबक्याकाठी कळण्याची भाकरी सोडली, वांग्याचं भरीत.
रुबाबनं ठेचा नको म्हटलं : ‘वास लांब जातो.’

मग त्यानं हात वर केला.
बसलो. पुतण्यासुद्धा बसला, हे विशेष.
सागाच्या शेंड्यावर, भर बारा वाजता, उघड्यावर,
मुठीएवढा रानपिंगळा.
शेपटी डावीकडं, उजवीकडं,
घरमालक पाहुण्याला जागा नाही सांगतो तशी.
शंभरावर वर्षं कुणाला दिसलाच नव्हता म्हणे,
संपला असं मोठ्या पुस्तकात छापूनही झालं होतं.
‘आम्ही इथंच होतो,’ रुबाबनं वहिनीला सांगितलं,
‘आम्हाले कोणी इचारलंच नही.’
(हे तिनं मला नंतर, गाडीत, ओरडून सांगितलं.)

पिंगळ्याची चोच हलत होती. गळा फुगत होता.
तिघांच्या माना एकदमच तिरक्या झाल्या.
मीही केली, उगाच, लाज राखायला.

रुबाबला कसं कळलं कोण जाणे.
सरकत आला, माझा पंजा उलटा केला,
तळव्यावर दोन बोटं ठेवली आणि वाजवू लागला :
टक-टक. थांबून टक-टक.
मग लांबवर बहुतेक दुसऱ्यानं उत्तर दिलं,
कारण त्यानं एक बोट मनगटाकडं नेलं
आणि तिथं अगदी हलकं, दुरून आल्यासारखं,
टक-टक.
जवळचा तळव्यात, लांबचा मनगटात.
मधे माझी रेषांची दरी.

किती वेळ, माहीत नाही. गुडघे धरले.
पुतण्या केव्हा उठला तेही नाही कळलं.

परतताना वहीत शेवटचा रकाना : शेरा.
पुतण्यानं लिहिलं, ‘वाघ दिसला नाही.’
मी पेन घेतलं, सुतळी पुरेना, वाकलो.
सकाळचा कारणाचा रकाना तसाच कोरा.
दोन्हीकडं काही लिहिलं नाही. सही केली.
रुबाबला पैसे देताना हात जरा जास्त धरला,
त्यानं तो सोडवून घेतला, नोटा मोजल्या.

सोमवारी डब्याखाली शिरलो. चाकावर हातोडी मारली.
पोरं कान देऊन चाकाचा नाद ऐकतात,
खणखणीत की बद्द.
मी दुसरा तळवा लोखंडाला लावला
आणि वाट पाहिली.